चक्रीवादळ येतंय म्हणतात. लातूरकडे घरी काय तयारी ठेवावी?

समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सप्टेंबर 2021 मध्ये 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याच्या उरलेल्या पावसानं आपल्या मांजरा नदीला पूर आला.

आधी छताकडे बघा. पत्र्यावर ठेवलेले दगड आजच खाली उतरवा. वाऱ्यानं पत्रा उचलला की तोच दगड झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतो. गंजलेले हूक बदला, नट आवळा, वरून तार ओढून पक्कं बांधा.

सोयाबीनची गंजी उंचवट्यावर हवी, ताडपत्रीच्या कडा मातीनं दाबलेल्या. लाईट जाणारच, पाणी भरून ठेवा, मोबाईल चार्ज करा. जनावरं झाडाखाली नकोत, वीज तिथंच पडते. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, हात जोडून सांगतो.