पियानो असेल तिथे हात आखडता घे

तुझं गिटार वाजवणं ऐकलं. बोटं पळतात छान, पण स्केल, म्हणजे सुरांचे चढउतार, घोटणं आता थोडं कमी कर. जॅझमध्ये गिटारवाल्याला पुन्हा बोलावतात ते साथीमुळे. बँडमध्ये पियानो असताना दोघांनीही कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) भरत राहिलं की नुसता चिखल होतो. पियानोवाला बिल इव्हान्स आणि गिटारवाला जिम हॉल यांचा १९६२चा ‘अंडरकरंट’ हा अल्बम ऐक. दोघंच आहेत, ड्रम नाही, बेस नाही. कोण कधी गप्प बसतो तेवढंच ऐक. आणि गिटारवाला फ्रेडी ग्रीन! काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७पासून जवळपास पन्नास वर्षं, अॅम्पशिवाय (आवाज वाढवणाऱ्या यंत्राशिवाय), दर मापात चार ठोके. सोलो जवळजवळ नाहीतच.

गायिका असेल तर पट्टी आदल्या दिवशीच विचारून घे. गाण्यांच्या पुस्तकात छापलेली पट्टी तिची असेलच असं नाही. सॅक्सोफोन, ट्रम्पेटवाल्यांमुळे बी-फ्लॅट, ई-फ्लॅट या पट्ट्यांची सवय हवीच. आपल्या गिटारवाल्यांच्या लाडक्या ई मेजर पट्टीला तिथे फारसं कुणी विचारत नाही.

पैसे निम्मे आगाऊ, तेही मेसेजवर लिहून. एका हॉटेलने माझे चार महिने लटकवले होते, तेव्हापासून मागायला लाजत नाही.

पावसाळ्यात गोव्याला जाशील तर कडक केस आणि सिलिका जेलच्या पुड्या घे, दमटपणाने गिटारची मान वाकते. जादा तारा, जादा केबल तर हव्यातच. आणि जेवण वाजवण्याआधी मिळणार की नंतर, हे आधी विचार. हसू नकोस, रात्री दीडला स्वयंपाकघर बंद असतं.