पट्टी बंद कर गं!

डॅलसहून आलेल्या पत्रात चार प्रश्न आहेत. तीन मी शेवटी भराभर उरकणार आहे, आधीच सांगून ठेवते. पत्र लिहिणारी आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरची, तेव्हा सरळ अगं-तुगं करते.

ती लिहिते, "मुलगा अकरा वर्षांचा, बुद्धिबळ खेळतो. हॉलमध्ये पालकांना सोडत नाहीत. मी काचेच्या दाराशी उभी राहून मोबाइलवर त्याचा डाव बघते. ती पट्टी त्याच्या विरुद्ध सरकली की माझे हात गार पडतात. नागपूरला सासरे रात्री अडीचला उठून तेच बघतात आणि मला फोन करतात, 'पोट्ट्यानं घोडा काहून तिथं ठेवला?' परवा मुलगा म्हणाला, आई, उद्या तू येऊ नकोस. मला फार लागलं."

लागणारच. पण पोरगं चुकलं नाही.

ती पट्टी म्हणजे संगणकाचा हिशेब, कोणाचा डाव किती वरचढ आहे त्याचा. पटावर बसलेल्या तुझ्या लेकाला ती दिसत नाही. तो खुशाल विचार करतोय. तुला मात्र कळलंय की त्याचा उंट फुकट जातोय आणि समोरच्या पोराला अजून ते दिसलेलं नाही. सगळं ठाऊक, आणि करता येण्यासारखं काही नाही! हात गार नाही पडणार तर काय? बरं, तो बाहेर येतो तेव्हा छान खेळलो असं त्याला वाटत असतं, आणि दारातच तुझ्या तोंडावर त्याला चूक दिसते.

मी काही शहाणी नाही हो. 28 जुलै 2025 ला आपल्या गावची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकासाठी कोनेरू हंपीशी टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारे डाव, खेळत होती, तेव्हा पट्टी बघत मी दोनदा देवघरात जाऊन आले. आमचे हे म्हणाले, "तू इथं दिवा लावलास म्हणून तिथं प्यादं पुढं जाणार आहे का?" एकोणीस वर्षांची पोर जिंकली, विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टरही झाली, आईच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. पण माझा चेहरा तिला दिसत नव्हता, म्हणून खपलं.

माझ्या लेकीला दिसायचा. न्यू जर्सीत असताना ती पोहायची आणि मी कडेला मूठ आवळून बसायचे. ती श्वास घ्यायला मान डावीकडेच वळवायची. लग्न झाल्यावर एकदा पोळ्या लाटताना सहज म्हणाली, "आई, जाताना तू दिसायचीस, येताना नाही. येतानाचा वेग माझा जरा बराच असायचा." मी लाटणं ठेवून दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी जा, पण मोबाइल गाडीत ठेव आणि हाताला काम ने. हसू नकोस. 1 जानेवारी 2018 ला विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या दिवशी आमच्या घरी कोणाला खुर्चीवरून उठायची परवानगी नव्हती, उठलं की विकेट पडते म्हणे. सासूबाई तेवढ्या वाती वळत होत्या. जिंकल्यावर सगळ्यांचे घसे बसलेले, आणि त्यांच्या पुढ्यात अख्ख्या श्रावणाला पुरतील एवढ्या वाती. कापूस मिळत नसेल तर मेथी निवड. हॉटेलच्या लॉबीत लोक बघतील, बघू देत. आणि तो बाहेर आला की पहिलं वाक्य खाण्याबद्दल बोल. "कसा झाला डाव?" हे मुळीच नको.

सासऱ्यांची झोपही वाचव. मुलं आपल्या खेळ्या कागदावर लिहितातच. तुमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे नागपूरला सकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. त्या वेळी नातवानं खेळ्या वाचाव्यात आणि आजोबांनी लाकडी पट मांडून एकेक सोंगटी हलवावी. घोडा काहून तिथं ठेवला हे तो स्वतःच सांगेल, तेही मराठीत.

म्हणजे शनिवारची मराठी शाळा स्पर्धेपायी बुडते, हा तुझा दुसरा प्रश्न निम्मा सुटला. सासूबाईंनी सहा महिने यावं की तीन, ते त्यांना विचार, मला नको. आणि संत्रा बर्फी किती दिवस टिकते? तुझ्या घरी हा प्रश्न येणारच नाही, तिसऱ्या दिवशी डबा रिकामा असेल.