बीपीची जोडगोळी अर्धी करून घेऊ का?

प्रश्न : माझं वय 61. अ‍ॅम्लोडिपीन 5 घेऊनही बीपी 154/96 च्या आसपास राहायचं, म्हणून डॉक्टरांनी ती बंद करून टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपीन 5 एकत्र असलेली गोळी दिली. महिना झाला, घरी 126/80 येतं. अर्धी गोळी घेतली तर चालेल का? जुन्या अ‍ॅम्लोडिपीनची स्ट्रिप उरली आहे, तीही संपवून टाकू का?

उत्तर : आधी त्या स्ट्रिपचं बोलते, मला काळजी तिचीच वाटते. ती अजिबात घेऊ नका. नव्या गोळीत तेच अ‍ॅम्लोडिपीन 5 मिलिग्रॅम आहे. दोन्ही घेतल्या तर 10 होतील, आणि 10 हा या औषधाचा दिवसाचा कमाल डोस. घोट्यांवर सूज चढते ती बहुधा या डोसवर. मी पेशंटना सगळ्या स्ट्रिपा टेबलावर पालथ्या मांडायला लावते. एक नाव कंपनीने दिलेलं असतं. औषध कोणतं आणि किती मिलिग्रॅम, तेही स्ट्रिपवरच छापलेलं असतं. एकच औषध दोन नावांनी चालू असलं तर तिथेच सापडतं.

राहिली अर्धी गोळी. तुमचं बीपी उतरलंय ते पूर्ण गोळीमुळे. ती मोडली की दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात. म्हणजे अ‍ॅम्लोडिपीन 2.5 च उरेल, आणि तुम्हाला तर 5 सुद्धा पुरत नव्हतं! शिवाय टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, त्यामुळे मोडलेला तुकडा डबीत ठेवून चालत नाही. गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा.

उठताना चक्कर येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर बसून आणि मग उभं राहून बीपी मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा का, ते त्यांना त्यावरून ठरवता येईल.

एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी मात्र दोन घेऊ नका. आणि टेल्मिसार्टन नव्यानेच सुरू झालंय, तेव्हा रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासलं नसेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.