पंखा, टेप आणि पॉलिसी : एअर टेस्ट करणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या वेळी घर तपासणाऱ्यांच्या विम्यावर दोन ओळी लिहिल्या आणि एअर टेस्ट करणाऱ्या, म्हणजे दारात पंखा लावून घरातून हवा किती गळते ते मोजणाऱ्या मंडळींची पत्रं आली. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी नमुन्यादाखल मोजकी घरं तपासून भागवायची सोय संपवली. आता प्रत्येक नव्या घराची चाचणी होते, त्यामुळे या धंद्यात आपली मुलंही बरीच दिसू लागली आहेत. निवडक प्रश्न घेते.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय. साइटवर सगळे पब्लिक लायबिलिटीच मागतात, ती 50 लाख पौंडांची घेतली. वर आणखी प्रोफेशनल इन्डेम्निटी खरंच लागते का? – मिल्टन कीन्स

लागते. पंख्याची चौकट घासून नव्या दाराचा रंग गेला, वायरीत पाय अडकून कुणी पडलं, तर पब्लिक लायबिलिटी धावून येईल. पण तुम्ही बिल्डरला विकता काय? एक आकडा.

समजा 50 पास्कल दाबाला पंख्यातून तासाला 1,840 घनमीटर हवा गेली. घराच्या आवरणाचं (बाहेरच्या भिंती, छत, जमीन मिळून) क्षेत्रफळ तुम्ही 240 चौरस मीटर भरलंत. भागाकार 7.67, मर्यादा 8, म्हणजे पास. नंतर कळतं की नकाशा जुना होता आणि खरं क्षेत्रफळ 220 आहे. आता उत्तर 8.36, नापास. कुणाला खरचटलं नाही, काही फुटलं नाही, तरी बिल्डरला स्वयंपाकघराची कपाटं काढून मागच्या फटी बुजवायच्या आहेत आणि घराचा ताबा लांबला आहे. ते बिल तुमच्याकडे येतं. पब्लिक लायबिलिटीवाले विचारतात, ‘इजा कुठे, नुकसान झालेली वस्तू कुठे?’ आणि फाइल बंद करतात. चुकीच्या आकड्याचा भार उचलते ती प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजेच पीआय.

‘माझा करार बिल्डरशी, घरमालकाशी नाही’ हेही कायम ऐकते. 1963 च्या हेडली बर्न खटल्यापासून इंग्लिश कायदा असा आहे की, ज्याच्या जाणकारीवर समोरचा विसंबतो, त्याच्यावर करार नसतानाही जबाबदारी येऊ शकते. गंमत म्हणजे त्या खटल्यात ग्राहकाची पत चांगली असल्याचं पत्र देणारी बँक सुटली, कारण त्या पत्रातच ‘आमची जबाबदारी नाही’ असं लिहिलं होतं. तुमच्या रिपोर्टखालच्या बारीक अक्षरांचं मोल एवढं असतं. मात्र असं वाक्य वाजवी आहे का, हे कोर्ट तपासतं (बिल्डरसारख्या धंदेवाल्यासाठी 1977 च्या, ग्राहक घरमालकासाठी 2015 च्या कायद्याखाली), आणि निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी त्याने टळत नाही.

हाताखाली एक जरी पोरगा पगारावर ठेवलात, तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे त्याला कामावर इजा झाली तर भरपाई देणारी पॉलिसी, सक्तीची. किमान 50 लाख पौंड, नसेल तर दिवसाला 2,500 पौंडांपर्यंत दंड.

नूतनीकरण झालेल्या जुन्या घरात पंखा सुरू केला आणि लाकडाच्या शेगडीतली राख क्रीम रंगाच्या गालिच्यावर. कोणती पॉलिसी? – लेस्टर

पब्लिक लायबिलिटी. फक्त ‘ज्या मालमत्तेवर काम चालू आहे ती वगळून’ असं कलम त्यात आहे का, ते आधी वाचा. अशा एका क्लेममध्ये गालिच्यापेक्षा वादच महाग पडला, कारण चाचणीआधीचा शेगडीचा फोटो कुणाकडेच नव्हता. राख निवलेली आणि काढलेली असू द्या. पेटती शेगडी असताना घरातली हवा बाहेर ओढलीत तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो, तिथे पॉलिसीचा विचार नंतरचा.

साइट मॅनेजर म्हणतो, ‘दहा मिनिटं फटींवर टेप लाव, आकडा आला की काढू.’ सगळेच करतात म्हणे. ताई, पकडलं गेलं तर पीआय आहे ना? – स्लाउ

नाही. पीआय चुकीसाठी असते, लबाडीसाठी नसते. तुमच्या नकळत तुमच्या माणसाने केलं, तर बऱ्याच पॉलिसी तुमच्या कंपनीला सांभाळतात, त्या माणसाला नाही. तुम्हाला तर आत्ताच कळलं आहे, मला लिहून झालं आहे! पद्धतीला मान्य असलेली तात्पुरती सीलं रिपोर्टात नोंदवा, प्रत्येकाचा फोटो ठेवा, आणि बाकीच्या टेपला नाही म्हणा. तो साइट मॅनेजर उद्या नोकरी बदलेल, सर्टिफिकेटवर सही तुमची राहील.

2023 मध्ये 4.6 दिलेल्या घरात आता दुसऱ्या तपासनिसाला 6.9 आले. बिल्डरचा मेल आला, मी उत्तर दिलं, ‘कदाचित माझ्याकडून काही राहिलं असेल, बघतो.’ तेव्हा पॉलिसी दुसऱ्या कंपनीची होती. कुणाला कळवू? – हॅरो

आजच, आजच्या कंपनीला. पीआयमध्ये चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला, ते वर्ष मोजतात. पॉलिसीवरची मागची तारीख, म्हणजे ज्या दिवसानंतरचं काम धरलं जातं ती, 2023 च्या आधीची आहे ना, एवढं पाहा. कंपनी बदलताना नव्यांनी ती चुपचाप पुढे सरकवली असेल, तर तुम्ही अधांतरी.

तो मेल मात्र नको होता. विमा कंपनीला न विचारता चूक कबूल करू नये, ही अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. मेल लपवू नका, त्यांना पाठवा, आणि बिल्डरला यापुढे फक्त ‘पत्र मिळालं, विमा कंपनीला कळवलं आहे’ एवढंच.

घाबरून जाऊ नका, कारण घर बदलतं. लाकूड सुकून आक्रसतं, सीलंट तडकतो, कुणी छतात दिव्यांसाठी भोकं पाडतं, कुणी इंटरनेटची वायर भिंतीतून नेतं. दुसऱ्याने क्षेत्रफळही वेगळं धरलं असेल. पण हे सांगायला तुमची त्या दिवसाची फाइल हवी: यंत्राची मूळ नोंद, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट, वारा, तापमान, आणि नकाशा कितव्या आवृत्तीचा होता ते.

साठी झाली, पंखा विकतोय. पॉलिसी बंद केली तर चालेल? – रेडिंग

पंखा विका, पॉलिसी नको. बंद केल्यावर आलेल्या दाव्याला कुणीच नसतं, म्हणून ‘रन-ऑफ’, म्हणजे धंदा बंद झाल्यावर जुन्या कामासाठी चालू ठेवलेला विमा, घ्यायचा. साध्या करारावर 6 वर्षं दावा होऊ शकतो, ‘डीड’ (साक्षीदारासमोर केलेला औपचारिक दस्त) म्हणून सही केली असेल तर 12. जुने करार काढून डीड किती आहेत ते मोजा, मग ब्रोकरशी बोला. राहण्यालायक नसलेल्या घरांच्या कायद्याखाली दावा करायची मुदत 2022 मध्ये वाढली: 28 जून 2022 आधी पूर्ण झालेल्या घरांना 30 वर्षं, नंतरच्यांना 15. त्यात तपासनीस किती अडकतो यावर वकील भांडत बसतील, तुमच्या रन-ऑफचा हिशेब 6 आणि 12 वर करा.

आम्ही सर्व्हर रूमची डोअर फॅन टेस्ट करतो. क्लायंटच्या करारात आमची जबाबदारी ‘अमर्यादित’ लिहिली आहे. सही करू? – पुणे

तशीच करू नका. आग विझवणारा गॅस खोलीत साधारण 10 मिनिटं टिकेल का, हे तुम्ही सांगता, आणि आत क्लायंटचे कोट्यवधींचे सर्व्हर असतात. पीआयची रक्कम ठरलेली, करार अमर्याद, मधली खाई तुमच्या घरादारावर. पीआयच्या रकमेइतकी मर्यादा मागा. ती मिळो न मिळो, रिपोर्टात तारीख, वेळ आणि ‘यानंतर भिंतीला, छताला किंवा खोट्या जमिनीला भोक पाडल्यास चाचणी पुन्हा करावी’ हे ठळक छापा. पुढच्या सोमवारी केबलवाला ड्रिल घेऊन येणारच आहे.