साखर उतरून शुद्ध हरपली, अपघाताचा गुन्हा टिकेल का?

प्रश्न : माझे पती ४८ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं इन्सुलिन घेतात. कामावरून घरी येताना साताऱ्याजवळ त्यांची कार पुढच्या दुचाकीला धडकली. दुचाकीस्वाराच्या मांडीचं हाड मोडलं. ह्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. जमलेल्या लोकांना वाटलं, दारू प्यायलेत. १०८च्या डॉक्टरांनी शुगर तपासली तर ३४ निघाली. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा करणं) लावली आहेत. ओळखीचे एक जण म्हणतात, "वेडाचं कलम घ्या, सुटाल." दिवाळीतही त्यांची शुगर अशीच उतरली होती, पण तेव्हा ते घरी होते. काय करावं?

उत्तर : ताई, त्या ओळखीच्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. ते सांगतात ते कलम २२, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ८४. त्यासाठी मनोविकलता दाखवावी लागते आणि तुमचे पती मनोरुग्ण नाहीत. शिवाय त्या कलमाखाली सुटलेल्या माणसाला न्यायालय लगेच घरी जाऊ देईलच असं नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवायचं की नातेवाइकांच्या हमीवर सोडायचं, हे ते ठरवतं. नोकरी करणाऱ्या माणसाच्या कपाळी हा शिक्का कशाला?

तुमच्या बचावाला कायद्याच्या भाषेत ऑटोमॅटिझम म्हणतात. शरीर हललं, पण त्यामागे इच्छाशक्ती नव्हती, म्हणून ती त्या माणसाची कृतीच नव्हे, असा हा युक्तिवाद. आपल्या संहितेत त्याला स्वतंत्र कलम नाही. जवळचं कलम १८ : कायदेशीर काम रीतसर आणि योग्य काळजी घेऊन करत असताना, हेतू किंवा जाणीव नसताना घडलेला अपघात गुन्हा होत नाही. तुमचा सगळा खटला त्यातल्या 'योग्य काळजी' या दोन शब्दांवर फिरणार आहे.

इंग्लंडमधला १९७३चा क्विक खटला वकील हमखास दाखवतात. मनोरुग्णालयातल्या एका मधुमेही परिचारकाने रुग्णाला मारहाण केली होती. इन्सुलिन घेऊन तो नीट जेवला नव्हता, वर दारूही प्यायला होता. अपील न्यायालयाने म्हटलं की शुगर उतरली ती बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनमुळे, म्हणून हे वेड नव्हे, आणि शिक्षा रद्द केली. उलट १९८९च्या हेनेसी खटल्यात इन्सुलिन न घेतल्याने शुगर चढली होती. मूळ आजारच कारण ठरला आणि ते वेडाच्या खात्यात गेलं. हा भेद मला तरी पटत नाही. तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारकही नाही. पण शुगर चढण्यापेक्षा उतरण्याचा बचाव सोपा, एवढं त्यातून घेता येतं.

तरी क्विकवर फार विसंबू नका. तिथे आरोप मारहाणीचा होता, इथे निष्काळजीपणाचा आहे. धडकेच्या क्षणी ते शुद्धीवर नव्हते हे सरकारी वकील कदाचित मान्यही करतील आणि विचारतील : गाडीत बसण्याआधी काय केलंत? दुपारी जेवलात का? शुगर मोजली का? घाम, थरथर जाणवली तेव्हा गाडी कडेला का घेतली नाही? आणि दिवाळीत एकदा असं झाल्यावर डॉक्टरांना भेटलात का?

दिवाळीची घटना वकिलांपासून लपवू नका. त्यानंतर डॉक्टरांनी डोस बदलला असेल, तर ती चिठ्ठी तुमचा उत्तम पुरावा आहे. काहीच केलं नसेल तर तोच खटल्याचा कच्चा दुवा, आणि वकिलांना तो उलटतपासणीत नव्हे, आज कळायला हवा. बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्यांना कधी कधी आधीची लक्षणं जाणवेनाशी होतात. त्यांच्या बाबतीत तसं असेल, तर तेही मधुमेहतज्ज्ञांकडून लेखी घ्या.

आता कागद. १०८च्या नोंदीत शुगरचा आकडा किती वाजता घेतला, हे सगळ्यात मोलाचं. ग्लुकोज दिल्यानंतर आकडा वर जातो आणि मग पुरावा उरत नाही. ती नोंद, रुग्णालयाचे केस पेपर आणि रक्तातल्या अल्कोहोलचा सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट यांच्या प्रती मिळवा. दारूचा संशय त्या रिपोर्टनेच फिटेल. घरच्या ग्लुकोमीटरची मेमरी पुसू नका, त्यात अडचणीचे आकडे असले तरी. लायसन्ससाठी भरलेला फॉर्म १ही शोधा. अचानक शुद्ध हरपण्याचे झटके येतात का, असा प्रश्न त्यात असतो. तिथे काय लिहिलं होतं आणि फॉर्म दिवाळीच्या आधीचा की नंतरचा, हे पाहावं लागेल.

पुराव्याचा भार फार जड नाही. १९६४च्या दह्याभाई ठक्कर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने आपला बचाव अधिक संभाव्य आहे इतकं दाखवलं तरी पुरतं, आणि त्याच्या पुराव्याने गुन्ह्याच्या मानसिक घटकाबद्दल वाजवी शंका उभी राहिली तरी फायदा त्याला मिळतो. तो खटला वेडाच्या बचावाचा होता, पण तत्त्व इथेही मांडता येईल.

अटकेची धास्ती नको, दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत. १२५ खाली गंभीर दुखापतीला जास्तीत जास्त ३ वर्षं कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि २८१ला ६ महिने किंवा १,००० रुपये किंवा दोन्ही.

जखमी माणसाचा भरपाईचा दावा मात्र फौजदारी निकालावर थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मिळतात. विमा कंपनीला अपघात लेखी कळवला नसेल तर याच आठवड्यात कळवा. आणि डॉक्टर लेखी परवानगी देईपर्यंत त्यांना गाडीची किल्ली देऊ नका : धोकादायक आजार ठाऊक असून गाडी चालवणं हा याच कायद्याच्या कलम १८६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आता त्यांना तो ठाऊक नव्हता असं म्हणता येणार नाही.