दोन वांगी, एकटीपुरती

"मावशी, लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला बटाटा, मुगाचं वरण आणि दहीभात सोडून काही चालत नाही. सासूबाई म्हणतात, तो लहानपणापासून असाच आहे. आता सहा वर्षांचा मुलगाही बापाचं बघून ताट सारतो. निदान मुलासमोर तरी ह्यांनी खायला नको का? मला वांगी फार आवडतात. ह्यांनी कधी काही म्हटलेलं नाही, पण वास नको म्हणून दुपारी माझ्यापुरती दोन करते आणि ते यायच्या आत कढई घासून ठेवते." — एक वाचक, सांगली

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कढईपाशी अडकले. नवऱ्याच्या तक्रारी भरभरून लिहिल्यास आणि कढई मात्र जाता जाता सांगून मोकळी झालीस. मला राग आला तो तिथं.

नवऱ्याचं आधी उरकते. वांगं, दोडका, भोपळा तोंडात गिळगिळीत लागला की काही मोठ्या माणसांनाही खरोखर उमळून येतं. तो माज नव्हे. "घासभर तरी खा" म्हणत मागं लागलं की ते आणखी घट्ट होतं. नऊ वर्षं मागं लागून बघितलंस ना? सोड आता. सासूबाईंचं बोलणंही सोड.

पोराचं मात्र तू उलटं धरलं आहेस. तो बापाचं बघतो म्हणतेस, मग आईचं काय बघतो? त्यानं तुला एकदा तरी वांगं खाताना पाहिलंय? तो शाळेत असताना तू खातेस, तो यायच्या आत कढई लख्ख. "नको" म्हणणारं माणूस त्याला रोज दिसतं, मिटक्या मारत खाणारं एकही दिसत नाही. मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलेल्या लीअ‍ॅन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 साली एक प्रयोग छापला. बालवाडीतल्या मुलांना, त्यांची नावडती भाजी आवडीनं खाणाऱ्या मुलांच्या पंगतीला बसवलं. काही दिवसांत ती मुलं आपणहून तीच भाजी उचलू लागली.

माझे वडील कारल्याला शिवत नसत. आई त्यांच्या शेजारीच बसून शाळूच्या भाकरीबरोबर कारलं खायची, बोटं चाटत. वडिलांनी शेवटपर्यंत खाल्लं नाही. आम्ही चारही भावंडं खातो.

आणि पोराचं राहू दे, तुझं काय? कृष्णाकाठची ती पातळ सालीची, कमी बियांची वांगी. पुण्यामुंबईला गेलेली आपली माणसं त्यांच्यासाठी झुरतात. तू त्यांच्या गावात राहून ती चोरून खातेस, आणि तेही कुणी बंदी घातलेली नसताना! फार वाईट वाटलं गं मला.

तर येत्या रविवारी रात्री वांगी कर. देठ राखून चिरा दे, दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी ठासून भर आणि कडेनं तेल सुटेपर्यंत झाकण ठेव. नवऱ्याला सकाळीच सांग, "आज रात्री मी वांगी करणार आहे." सांग, विचारू नकोस. वास सोसला नाही तर खिडकी ते उघडतील. मग सगळ्यांबरोबर खाली बस, कढई मधोमध ठेव आणि पहिलं वांगं स्वतःच्या ताटात वाढून घे. देठ धरून चोखून खा, नेहमी एकटी असताना खात असशील तसं. नवऱ्याला आग्रह नको, पोराला तर मुळीच नको. त्यानं मागितलं तर अर्धं दे, थुंकलं तर ताट पूस आणि आपलं जेवण चालू ठेव. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

बाजारातून दोन नको, अर्धा किलो आण. आणि जेवणं झाल्यावर कढईला हात लावू नकोस. राहू दे ओट्यावर भिजत, सकाळपर्यंत.