रसवंतीचे घुंगरू नेटवर टाकायचेत?

प्रश्न : रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू, पत्र्यावरचा पाऊस, आमच्या गणपती मिरवणुकीतला ढोल-ताशा, असे बरेच आवाज मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेत. फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवर टाकावेत असं फार मनात आहे पण तिथलं लायसन्स, फॉरमॅट वगैरे बघून गोंधळ उडतो. आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पाऊस मध्येच बारीक होतो, मध्येच मोठा होतो, असं का होतं? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी पावसाचं बघू, कारण दोष तुमचा नाही, फोनचा आहे. फोनमधलं रेकॉर्डर अ‍ॅप मुळात माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे बोलणं सोडून जे काही एकसारखं चालू आहे ते त्याला खरखर वाटते आणि ते दाबायला बघतं, आणि पाऊस तर एकसारखाच पडतो ना! शिवाय आवाज वाढला की लेव्हल आपोआप खाली, कमी झाला की आपोआप वर, तोच चढउतार तुम्हाला ऐकू येतोय. सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन (खरखर दाबणं) आणि ऑटो गेन (लेव्हल आपोआप वरखाली होणं) बंद करता येत असेल तर करा, नाहीतर ज्यात हे दोन्ही हाताने ठरवता येतं असं दुसरं अ‍ॅप घ्या. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोका अ‍ॅपच्या मीटरवर (तिथे शून्य म्हणजे शेवटची हद्द) उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल. ढोल रेकॉर्ड करताना तर हे पाळाच, कारण एकदा आवाज फाटला की नंतर काही केलं तरी तो सांधता येत नाही.

फॉरमॅटचं सोपं आहे, वेव्ह किंवा फ्लॅक. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ असं केलं तर वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 17 एमबी होते. फ्लॅक लहान होते आणि आवाजातलं काहीही जात नाही, त्यामुळे गावाकडच्या नेटवरून चढवायला तीच बरी. एमपी3 पण चालते, पण ज्या फाइलमधून एकदा आवाज कापला गेलाय तिला नंतर वेव्ह करून काही परत येत नाही, नुसती जागा जाते. आणि कृपा करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ पाठवून तिथून फाइल घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ठीक, किंवा सरळ केबल लावा.

आता लायसन्स. फ्रीसाउंड 2005 पासून चालू आहे, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान गटाने सुरू केलेलं, आणि तिथे अपलोड करताना तीनपैकी एक निवडायचं असतं. सीसी झिरो म्हणजे कोणीही काहीही करा, माझं नावही नको. अ‍ॅट्रिब्यूशन म्हणजे वापरा पण नाव द्या. नॉन-कमर्शियल म्हणजे नाव द्या आणि धंद्यासाठी वापरू नका. तिसरं पटकन आवडतं सगळ्यांना, पण त्यात एखादी शॉर्टफिल्म करणारी पोरंही अडकतात कारण उद्या त्यांच्या फिल्मला चार पैसे मिळाले तर काय, म्हणून ते तुमचा आवाज घेतच नाहीत. माझं मत, घुंगरू आणि पावसाला अ‍ॅट्रिब्यूशन द्या. पण एक रात्र विचार करून द्या, कारण ज्याने ज्या लायसन्सखाली आवाज उतरवून घेतला त्याच्याकडून ती परवानगी परत घेता येत नाही, तुम्ही उद्या फाइल डिलीट केली तरी.

मिरवणुकीच्या रेकॉर्डिंगचं मात्र नीट ऐकून बघा. मागे डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर ते टाकू नका, गाणं तुमचं नाही. नुसता ढोल-ताशा असेल तर पथकातल्या लोकांना विचारा, बहुतेक खुशीने हो म्हणतील, आणि पथकाचं नाव माहितीत लिहा.

आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन ते म्हणजे ही माहिती. फ्रीसाउंडवर कमीत कमी तीन टॅग लागतात, लोक तीनच देऊन मोकळे होतात आणि खाली एक ओळ, ‘बेल साउंड’. अहो, कसली बेल? उसाचा चरक विजेवर चालतो की हाताने, घुंगरू कुठे बांधलेत, चरक फिरताना सारखे वाजतात की ऊस घातला की लय बदलते, मागे ग्लास धुतल्याचा आवाज कुठून येतो, दुपार होती की संध्याकाळ, कुठल्या फोनने किती अंतरावरून घेतलं, हे सगळं लिहा. मराठीत लिहा आणि इंग्रजीतही, कारण शोधणारा ब्राझीलमध्ये बसलेला असू शकतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यात हा आवाज ऐकला की काय विकायला आहे ते न बघता कळतं, पण बाहेरच्याला ते कोण सांगणार, तुम्हीच ना.

प्रश्न : आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, तिचं वय झालंय. नेटवर टाकलं तर चालेल का? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ओव्या परंपरेच्या असल्या तरी आवाज आजींचा आहे, आणि आपल्या कायद्यात गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क 50 वर्षं असतो. म्हणून आधी त्यांना विचारा, आणि विचारताना नीट सांगा की अनोळखी लोक ऐकतील, कोणी आपल्या गाण्यातही वापरेल. काही ओव्यांमध्ये सासर-माहेरचं, नावानिशी दुःख असतं, त्या नको म्हणाल्या तर त्या तेवढ्या घरातच ठेवा. खरं सांगायचं तर ओव्यांसाठी आवाजांच्या लायब्ररीपेक्षा पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आधी बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून उभं केलेलं काम, एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तुम्हीही तसंच करा, आणि जातं फिरवतानाच रेकॉर्ड करा. जात्याची घरघर काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, ओवीची लय त्यावरच चालते.

प्रश्न : पावशाचा आवाज मिळालाय, कुठे टाकू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : झेनो-कँटोवर टाका, मुळात पक्ष्यांच्या आवाजांसाठीची वेबसाइट आहे ती. तारीख, वेळ, जागा आणि पक्षी दिसला की नुसता ऐकला, हे लिहावं लागेल. ‘पेरते व्हा’ असं आपल्याकडे म्हणतात हेही शेऱ्यात जरूर लिहा. फक्त पुन्हा ओरडावा म्हणून फोनवरून त्याचाच आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसांत त्याला फुकटचा त्रास होतो.